एकतर्फी प्रेमाचा तमिळ चित्रपट महाविद्यालयात कसा दाखवावा

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा वेंगुर्ले येथील महाविद्यालयांत चित्रपट मंडळ असले, की वर्षातून एखादा दाक्षिणात्य चित्रपट दाखवण्याची टूम निघतेच, आणि निवड बहुधा हिंदीत डब झालेल्या एखाद्या हाणामारीच्या चित्रपटावर येऊन थांबते. तो मुलांनी मोबाइलवर आधीच पाहिलेला असतो, त्यामुळे मंडळाने खुर्च्या मांडून वेगळे काय साधले, हा प्रश्न उरतो. तमिळ चित्रपटांत महाविद्यालयातल्या अव्यक्त, एकतर्फी प्रेमाच्या कथांची मोठी परंपरा आहे आणि त्या परंपरेत आधी घ्यावे असे नाव ‘ओरु तलै रागम’ या १९८० सालच्या चित्रपटाचे आहे. हा चित्रपट मराठी सबटायटल्ससह, न कापता आणि नीट अंधार करून कसा दाखवावा, याची माहिती येथे दिली आहे.

कथा, गीते आणि संगीत टी. राजेंदर यांचे, तर दिग्दर्शक म्हणून नाव ई. एम. इब्राहिम यांचे. शंकर आणि रूपा हे नायक-नायिका त्या वेळी नवखे होते. चित्रीकरण कावेरीच्या मुखप्रदेशातील मयिलाडुतुरै या गावाजवळच्या ए. व्ही. सी. महाविद्यालयात झाले. मद्रासच्या झगमगाटाऐवजी तालुक्याच्या गावातले महाविद्यालय, आगगाडीने ये-जा करणारी मुले, एकमेकांची घरे ओळखून असलेली माणसे आणि त्यामुळे मुलीवर असलेले चारचौघांच्या नजरेचे ओझे, हे सारे त्यात आहे. खेड-चिपळूणहून गाडी पकडून रोज रत्नागिरीला येणाऱ्या विद्यार्थ्याला त्यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा पर्याय ‘इदयम’ (१९९१) हा आहे. दिग्दर्शक कदिर, नायक मुरली, नायिका हीरा आणि संगीत इळैयराजा यांचे. खेड्यातून मद्रासला वैद्यकीय शिक्षणासाठी आलेला मुलगा प्रेम करतो, पण ते बोलून दाखवू शकत नाही, एवढाच त्याचा गाभा आहे. जुन्या चित्रपटाचे फिकट रंग आणि खरखरता आवाज आपल्या मुलांना सोसणार नाही असे वाटत असेल, तर ‘इदयम’ घ्यावा, त्याची गाणी कानाला लगेच धरतात. तरीही निवड माझ्या हाती असेल, तर मी ‘ओरु तलै रागम’च घेईन, कारण त्याचे गाव आपल्या गावांच्या जवळचे आहे.

या चित्रपटाचा खेळ लावताना एक गोष्ट कायम डोळ्यांसमोर ठेवावी लागते. यातील दोन मुख्य माणसे एकमेकांशी फारसे बोलतच नाहीत. मनातले जे काही आहे, ते गाण्यांत आहे आणि दोन वाक्यांमधल्या थांबण्यात आहे. म्हणून गाणी वगळली, सभागृहात कुजबुज राहिली किंवा मध्येच दिवे लागले, तर पडद्यावर नुसता एक उदास मुलगा इकडून तिकडे फिरताना दिसतो आणि मागच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू होतात. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गरजेतून आलेल्या आहेत.

सुरुवात परवानगीपासून करावी. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ (१) (जे) नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, मात्र प्रेक्षक त्या संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असावे लागतात. याचा सरळ अर्थ असा, की महाविद्यालयाच्या सभागृहात हा खेळ बसतो, पण बाजारपेठेत फलक लावून गावाला आमंत्रण दिले, तर तो बसत नाही. मालवणच्या मामा वरेरकर नाट्यगृहात किंवा रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात सर्वांसाठी खेळ करायचा असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, मग तिकीट असो वा नसो. आपल्या घरच्या ओटीटी खात्यावरून सार्वजनिक खेळ करू नये, कारण त्या वर्गणीच्या अटी घरगुती वापराच्या असतात. जुन्या चित्रपटांचे हक्क अनेकदा हात बदललेले असतात, म्हणून डिस्क किंवा अधिकृत ऑनलाइन प्रत ज्या कंपनीच्या नावाने उपलब्ध आहे, तिच्यापासून चौकशी सुरू करावी. त्याच पत्रात मराठी सबटायटल्स तयार करण्याची परवानगीही मागावी. संवादांचे भाषांतर हासुद्धा हक्काचाच विषय आहे आणि दोन वेळा पत्रव्यवहार करण्याचे कारण नाही.

तारीख ठरवताना पावसाळा सरळ सोडून द्यावा. वीज जाते हे तर खरेच, पण पत्र्याच्या छपरावर जोराची सर कोसळू लागली, की ध्वनिक्षेपक कितीही मोठा केला तरी संवाद ऐकू येत नाहीत. गणपती आणि शिमगा हे दोन्ही वर्ज्य. दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचा काळ बरा, परंतु सिंधुदुर्गात त्याच सुमारास गावोगावच्या जत्रा असतात. त्यातही आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरत असल्यामुळे ती वर्षाच्या आरंभी दिनदर्शिका पाहून कळत नाही. मालवण तालुक्यातल्या मंडळाने फेब्रुवारीतली तारीख त्या घोषणेपूर्वी छापू नये.

वेळ मात्र एसटीच्या वेळापत्रकावरूनच ठरते. संध्याकाळी सहाला खेळ ठेवला, की साडेसातला आतल्या गावांची मुले वस्तीची गाडी चुकेल म्हणून एकेक करून उठू लागतात, आणि त्यांत मुलींची संख्या अधिक असते. ज्या चित्रपटाचा सगळा भार शेवटच्या काही मिनिटांवर आहे, त्याचे असे होऊ देणे योग्य नाही. म्हणून खेळ सकाळी साडेदहाला सुरू करावा, हातातल्या प्रतीची लांबी आधीच तपासावी, तीत मध्यंतराची १५ आणि चर्चेची ४० मिनिटे मिळवावीत आणि दुपारच्या गाड्यांशी त्याचा मेळ घालावा. शनिवार असेल तर प्रात्यक्षिकांची अडचणही सहसा येत नाही.

आता सबटायटल्स. कामाचा मोठा भाग हाच आहे आणि त्यासाठी दोन माणसांनी निदान महिनाभर आधी बसावे. इंग्रजी सबटायटल्स मिळाली तरी त्यांवरून थेट मराठी करू नये. तमिळमध्ये ‘नी’ आणि ‘नींग’ यांत आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखाच फरक आहे, मित्राला लावलेला ‘डा’ हा आपला ‘रे’ आहे आणि ‘डी’ हे आपले ‘गं’ आहे. इंग्रजीत हे सगळे एकाच शब्दात सपाट होते. कोण कोणाला अहो-जाहो करतो आणि ते केव्हा बदलते, हे ज्या चित्रपटात जवळिकीचे एकमेव मोजमाप आहे, तिथे ही सपाटी परवडत नाही. म्हणून इंग्रजीवरून कच्चा आराखडा करावा आणि तो घेऊन एखाद्या तमिळ भाषकाबरोबर संपूर्ण चित्रपट थांबत थांबत पाहावा. बदलीवर आलेले बँकेतले अधिकारी, रेल्वेतले कर्मचारी, एखादे प्राध्यापक, असे कोणी ना कोणी जिल्ह्याच्या गावी असतेच, आणि आपल्या भाषेतला चित्रपट कोकणात दाखवणार म्हटल्यावर ते आनंदाने वेळ देतात. प्रत्येक पात्रापुढे ‘कोणाला तू, कोणाला तुम्ही’ असा एक तक्ता करून ठेवावा, म्हणजे दोघांनी अर्धे-अर्धे काम केले तरी गोंधळ होत नाही.

मराठी कोणती लिहावी, यावर मंडळात वाद होईल. काही उत्साही मुले सगळेच मालवणीत करू म्हणतील. ते गमतीचे होईल, पण नायकाच्या तोंडी मालवणी आली की सभागृह हसेल, आणि त्याला त्या जागी हसणे नको आहे. साधी बोलीच्या जवळची मराठी ठेवावी आणि मित्रांच्या टोळक्याच्या थट्टेत एखादा ‘मेल्या’ किंवा ‘लेका’ येऊ द्यावा. तेवढ्यावर थांबलेले बरे.

गाण्यांची सबटायटल्स वगळण्याची पद्धत आहे. ती येथे मोडावीच लागेल. एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजातील एका गाण्यात एकापाठोपाठ उलट्या प्रतिमा येतात: मूल अंगाई गाते, रात्रीच्या प्रहरी भूपाळ ऐकू येतो, सूर्य पश्चिमेला उगवतो, नदी नसताना नाव आहे. नायक आपल्या प्रेमाविषयी थेट काही न बोलता त्याचे अशक्यपण सांगतो आहे, हे या ओळींतूनच कळते. येथे भूपाळाच्या जागी ‘राग’ असा मोघम शब्द घालू नये. ‘रात्रीची भूपाळी’ एवढे दोन शब्द लिहिले, की पहाटे घरात भूपाळी ऐकलेल्या माणसाला त्यातला विपरीतपणा तत्काळ जाणवतो. पश्चिमेच्या सूर्याबद्दल तर रोज समुद्रात सूर्य बुडताना पाहणाऱ्या प्रेक्षकाला काही सांगायला नको. प्रत्येक प्रतिमा आपल्या ओळीबरोबरच पडद्यावर यावी. दोन प्रतिमा एका सबटायटलमध्ये कोंबल्या, तर गायक पहिल्या ओळीवर असताना वाचणारा दुसरी संपवून मोकळा होतो.

याच चित्रपटात मलेशिया वासुदेवन यांच्या आवाजातील एका धमाल गाण्याची सुरुवात टोपलीतल्या सुक्या मासळीने होते. किनाऱ्यावरचा प्रेक्षक येथे खूश होणार, हे गृहीत धरावे. ‘टोपलीत सुके मासे’ असे साधे लिहावे, ‘खारा बांगडा’ किंवा ‘सुकट’ असे नेमके नाव आपल्या पदरचे घालू नये. चित्रपटात हसण्याच्या जागा मोजक्याच आहेत, तेव्हा हे गाणे लांबी कमी करण्यासाठी कापण्याची सूचना कोणी केली, तर ती ऐकू नये. रात्रभर दशावतार बघणाऱ्या प्रदेशात गाणी लांबली म्हणून कोणी उठून जात नाही.

तांत्रिक बाजू सोपी आहे. ‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरावे आणि फाइल एसआरटी स्वरूपात, यूटीएफ-८ या सांकेतिक लेखनात जतन करावी, अन्यथा देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण ३५ अक्षरे आणि पडद्यावरचा काळ दीड सेकंदापेक्षा कमी नाही, हे प्रमाण मोठ्या सभागृहासाठी ठीक आहे. नायक थांबला की सबटायटलही पडद्यावरून जावे. पुढचे वाक्य आधीच दिसू लागले, तर त्याचे अडखळणे कोणाला जाणवणारच नाही. तयार फाइल प्रतीशी जुळत नसेल, तर चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतर सारखेच राहत असेल, तर संपूर्ण फाइल तेवढीच पुढे किंवा मागे सरकवावी. अंतर हळूहळू वाढत जात असेल, तर दोन प्रतींचा फ्रेम-दर वेगळा आहे, एकीचा सेकंदाला २४ आणि दुसरीचा २५, असे समजावे आणि सॉफ्टवेअरमधून दर बदलून घ्यावा. ऐन खेळात थोडा फरक आढळलाच, तर ‘व्हीएलसी’ प्लेअरमध्ये कळफलकावरील ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी सबटायटल मागेपुढे करता येते. ज्या संगणकावर खेळ होणार, त्याच संगणकावर जोडाक्षरे नीट दिसतात का, हे आधी तपासणे आवश्यक आहे. ‘प्रेम’ या शब्दाचे ‘प् रेम’ झाले, की प्रेक्षक दिवसभर तेच बोलत बसतो.

सभागृहाची पाहणी दुपारी करावी, म्हणजे उजेड कुठून येतो ते कळते. काळ्या कापडाने खिडक्या झाकणे आवश्यक आहे, कारण खेळ सकाळी आहे, आणि व्हेंटिलेटरच्या झडपा विसरू नयेत. पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान साडेचार फुटांवर असावी. सपाट जमिनीवर मांडलेल्या खुर्च्यांत पुढच्या रांगेतल्या डोक्यांनी नेमकी सबटायटलची जागा झाकली जाते, आणि तिसऱ्या रांगेपासून मागे बसलेल्यांना तमिळ चित्रपट शब्दांविना पाहावा लागतो. छत बुटके असेल, तर सबटायटल पडद्याच्या वरच्या बाजूला घ्यावे. चित्र पडदाभर दिसावे म्हणून ते आडवे ताणू नये.

ध्वनीसाठी लग्नातल्या डीजेचे ध्वनिक्षेपक मागवू नयेत. जुना ध्वनिपट एकाच वाहिनीचा असतो आणि त्यातले संवाद मधल्या पट्टीत असतात. खर्ज वाढवला की नुसती घुमघुम ऐकू येते. पडद्याच्या दोन्ही बाजूंना मध्यम आकाराचे दोन ध्वनिक्षेपक, खर्ज कमी आणि आवाज बेताचा, एवढे पुरेसे आहे. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयात खाऱ्या हवेमुळे जोडण्यांवर गंज चढलेला असतो, म्हणून एचडीएमआयची एक नवी तार जवळ ठेवावी. वीज गेली तर चित्रपट जिथे तुटला, तिथूनच लगेच सुरू न करता एक मिनिट मागे घ्यावा. प्रोजेक्टर आणि संगणक यूपीएसवर असतील, तर दिवा अचानक बंद पडून होणारे नुकसानही टळते.

सूचनाफलकावर कथा थोडक्यात द्यावी, पण शेवट सांगू नये आणि ‘अमर प्रेमकहाणी’ यांसारखे शब्द वापरू नयेत. चित्रपटात मृत्यू आणि नैराश्य आहे, एवढी पूर्वसूचना मात्र स्पष्ट द्यावी. उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ हे सर्व पाच मिनिटांत उरकावे किंवा मध्यंतरात ठेवावे. पाहुण्यांचे भाषण चित्रपटाच्या आधी तर मुळीच नको, कारण ते हमखास ‘आमच्या काळातले प्रेम’ या विषयावर जाते आणि मुले चित्रपट सुरू होण्याआधीच जांभया देऊ लागतात. मध्यंतर चित्रपटात जिथे दिले आहे, तिथेच घ्यावे. चहा-वड्याची सोय सभागृहाबाहेर असावी आणि दुसरी घंटा झाल्यावर दार बंद करावे.

चर्चा हा या खेळाचा नाजूक भाग आहे. गावे लहान आहेत, सभागृहात बसलेल्या निम्म्या जणांना कोणाचे कोणावर मन आहे ते ठाऊक असते, आणि सूत्रसंचालकाने ‘तुमच्यापैकी कोणाला असा अनुभव आहे का’ असे विचारले, तर दहा माना एकाच बाकाकडे वळतात. हा प्रश्न विचारायचाच नाही, असे आधी ठरवावे. पहिला प्रश्न नायिकेविषयी असावा: ती का बोलत नाही, आणि बोलली असती तर तिच्या घरात आणि महाविद्यालयात काय झाले असते. नायकाच्या दुःखावर सगळे आपोआप बोलतात. तिच्या गप्प राहण्यामागची कारणे शोधायला चित्रपट पुन्हा आठवावा लागतो आणि मग मुलीही चर्चेत येतात.

त्यानंतर पाठलागाचा प्रश्न घ्यावा. त्या काळातल्या महाविद्यालयीन चित्रपटांत मुलींची टिंगल करणे आणि मागे मागे फिरणे हे गमतीत खपवले जात असे. आज मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार मागे जाणे किंवा संपर्क साधत राहणे हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेत तो २०१३ साली कलम ३५४-ड म्हणून आला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे वकिली भाषणासारखे सांगू नये. चित्रपटातली दोन-तीन दृश्ये आठवून ‘येथे तो नुसता वाट पाहतो आहे की तिची वाट अडवतो आहे’ असे विचारावे, म्हणजे फरक मुले स्वतःच काढतात. महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीतील एका प्राध्यापिकेला चर्चेला बसवावे, पण त्यांना मंचावर न घेता मुलींमध्येच जागा द्यावी. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दाराशी मोठ्या अक्षरांत लावावा. कोणी तो टिपून घेतला, तर इतरांच्या लक्षात येऊ नये म्हणून तोच क्रमांक चहाच्या टेबलापाशी आणि प्रसाधनगृहाच्या भिंतीवरही असावा.

चर्चा ४० मिनिटांवर थांबवावी, रंगात आली तरी. गाडीची वेळ झालेली असते. जाताना प्रत्येकाकडून कागदाच्या चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहून घ्यावी: कोणते सबटायटल वाचायच्या आधीच निघून गेले किंवा कळले नाही. त्या चिठ्ठ्यांवरून त्याच आठवड्यात फाइल दुरुस्त करावी, दुरुस्त प्रत हक्कधारकाला पाठवावी, आणि त्यांची संमती असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या मंडळाला द्यावी.